उभं राहणं

भाच्याचं भाषण पाठ झालं होतं आणि वेळ लावायला त्याला कुणीतरी हवं होतं. मी खुर्चीत बसले, मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि मानेने खूण केली. विषय दर दोन-चार वर्षांनी कुठल्या ना कुठल्या वादविवाद स्पर्धेत फिरून येणारा: गरिबी आणि विषमता हटवायला सरकारी मदत हवी की स्वावलंबन? चिठ्ठीत त्याला स्वावलंबनाची बाजू आली होती. पोरगं छान बोलत होतं. हात कुठे उचलायचा, कुठे थांबायचं, आवाज कुठे खाली आणायचा, सगळं बसवलेलं. तिसऱ्या मिनिटाला तो म्हणाला, "उदाहरण शोधायला मला लांब जावं लागत नाही. माझ्या आजीने शिलाई मशीनवर रात्र रात्र जागून दोन मुली वाढवल्या. माझी मावशी कुणापुढे हात न पसरता शिकली. त्यांना कुणी मदत केली नाही, आणि म्हणूनच त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या." इथे त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतला अभिमान भाषणासाठी बसवलेला नव्हता, खरा होता. मी हसले. चार मिनिटं बावीस सेकंदांवर तो थांबला. "वेळेत बसतंय," मी म्हणाले, "छान झालंय."

ते 'छान झालंय' तीन आठवडे माझ्या घशात अडकून राहिलं.

स्वतःच्या पायावर उभं राहणं म्हटलं की इतरांच्या डोळ्यांसमोर काय येतं, मला माहीत नाही. माझ्या डोळ्यांसमोर पाचवीचा वर्ग येतो. पावसाने अंधारलेली सकाळ, ओल्या दप्तरांचा कुबट वास आणि हजेरीपटाच्या पाठीमागे खोचलेली एक वेगळी यादी. बाई ती यादी ओढून काढायच्या तेव्हा कागद पुठ्ठ्यावर घासल्याचा एक आवाज यायचा. तो ऐकला की माझ्या गुडघ्यांच्या मागे घाम फुटायचा. "नादार मुलांनी उभं राहा." बाई वाईट नव्हत्या. मोठ्या माणसांच्या वाट्याला येणारी घाई त्यांच्याही वाट्याला आलेली होती. वरून आकडा मागितलेला असायचा आणि त्यांना डोकी मोजायची असायची, इतकंच. आम्ही चौघं उठायचो. बाकाची कड मांडीला लागलेली असायची, समोर पुढच्या मुलीच्या वेणीची रिबीन, तिची गाठ किती घट्ट आहे ते मी बघत राहायचे. बाईंचा पेन चार वेळा टिचकायचा. "बसा."

नादार म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही तो. फारसीतून आलेला हा शब्द आमच्या शाळेत इतका रुळला होता की त्याचा अर्थ कुणाला जाणवायचाही नाही. फी माफ झाली की 'नादारी मिळाली' म्हणायचं. काही नसणं हीच मिळालेली गोष्ट. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. आम्ही चौघं कधीच एकमेकांचे मित्र झालो नाही. मधल्या सुट्टीत तर एकमेकांना टाळायचोच. खरं तर त्या अख्ख्या वर्गात एकमेकांचं घर कळू शकणारी आम्हीच चार मुलं होतो.

पुढे खूप वर्षांनी वाचलं की इंग्लंडात 1697 साली एक कायदा झाला होता. धर्मादाय मदत घेणाऱ्या प्रत्येकाने उजव्या बाहीवर, खांद्यापाशी, लाल किंवा निळ्या कापडातून कापलेलं 'पी' हे अक्षर लावायचं. 'पॉपर'मधला, म्हणजे कंगालातला, 'पी'. शेजारी आपल्या परगण्याचं आद्याक्षर. शंभरावर वर्षं तो कायदा पुस्तकात होता, 1810 मध्ये काढून टाकला. वाचताना माझा डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. ते कापड कुणीतरी कापलं असणार, कडा दुमडून शिवली असणार. शिवणाऱ्या बाईच्या मुलीच्या बाहीवरही ते अक्षर असू शकेल, असं मनात आलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

आता आईच्या मशीनबद्दल. भाच्याच्या भाषणात ते मशीन ज्या थाटात आलं त्या थाटात आमच्या घरातल्या सगळ्या गोष्टींमध्ये ते येतं. बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, बहीण पाच. काही महिन्यांनी घरात पायमशीन आलं. रात्री झोपताना त्याची खडखड ऐकू यायची, एका लयीत, मधेच दोरा तुटला की शांतता, मग पुन्हा. त्या शांततेत मला जाग यायची. आवाज सुरू झाला की झोप लागायची. मशीनच्या तेलाचा वास आईच्या पदराला असायचा. खाली एक खण होता, त्यात बॉबिनी, मोडक्या सुया, बटणं, शिवणाचे खडू, आकडे पुसत चाललेली टेप आणि एक पत्र्याची पट्टी. त्या पट्टीने मी माझ्या वह्यांना समास आखायचे, कारण शाळेची फूटपट्टी मी सारखी हरवायचे. मशीनच्या लाकडी फळीवर, उजव्या कोपऱ्यात, स्क्रूची दोन भोकं होती. करंगळीचं टोक जेमतेम अडकेल एवढी. आई काम करत असताना शेजारी उभं राहून त्या भोकांवरून बोट फिरवायची मला सवय होती.

ती भोकं एका पाटीची होती. विधवांना रोजगाराचं साधन देण्याच्या एका सरकारी योजनेतून ते मशीन आलं होतं आणि फळीवर योजनेचं नाव आणि नंबर असलेली पाटी ठोकलेली होती. आईने पहिल्याच आठवड्यात ती उलथण्याच्या टोकाने उचकटून काढली. मला ते आठवतं, कारण उलथणं वाकलं आणि मग ते सरळ करत ती बराच वेळ बसली होती. ती काहीच बोलली नाही. मीही काही विचारलं नाही. पुढे आमच्या घरात मशीनची गोष्ट सांगितली गेली ती त्या पाटीशिवाय. हळूहळू मीही ती तशीच सांगू लागले. भाच्याने ती माझ्याकडूनच ऐकली होती, दुसरीकडे कुठून ऐकणार?

खोटं कुणीच बोललं नव्हतं. आई रात्र रात्र जागत होती हे शंभर टक्के खरं. मी अभ्यास केला, शिकवण्या घेतल्या, हेही खरं. फक्त नादारी, मशीन आणि अकरावीपासून मिळालेली शिष्यवृत्ती या तीन गोष्टी गोष्टीतून गळल्या. त्या का गळल्या याचा विचार करताना मला बाईंच्या कागदाचा आवाज ऐकू येतो. ज्या गोष्टीसाठी उभं राहावं लागलं होतं, ती गोष्ट माणूस लक्षात ठेवत नाही. निदान मोठ्याने सांगत नाही. आणि अशा हजारो घरांनी आपापल्या गोष्टीतून आपापल्या पाट्या उचकटून काढल्या की मग उरतात त्या फक्त कष्टांच्या कहाण्या. त्या ऐकून पुढच्या पिढीतला एखादा गुणी मुलगा चिठ्ठीत आलेली बाजू मनापासून मांडतो. त्याला मिळालेला पुरावा आम्हीच तसा कापून दिलेला असतो.

अर्थशास्त्रज्ञ ऍडम स्मिथचं नाव स्वावलंबनवाल्यांच्या बाजूने फार घेतलं जातं. भाच्याच्या भाषणातही ते होतं. पण 1776 च्या त्याच्या ग्रंथात लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या, सदऱ्याबद्दल एक जागा आहे जी मला त्याच्या सगळ्या बाजारापेक्षा जवळची वाटते. तो म्हणतो, लिननचा सदरा ही काही जगण्याची गरज नव्हे; ग्रीक आणि रोमन लोक त्याच्यावाचून सुखाने जगले. पण आज युरोपात रोजंदारीवरचा साधा मजूरसुद्धा तसा सदरा अंगात नसेल तर चारचौघांत यायला लाजेल. म्हणून तोही गरजेचा. दोनशे वर्षांनी अमर्त्य सेन यांनी हाच सदरा उचलला आणि गरिबीच्या व्याख्येत लाज न वाटता चारचौघांत वावरता येणं आणून बसवलं. मला वाटतं, मदतीवरच्या वादाची खरी जागा तिथे आहे. मदत द्यावी की नाही यावर आपण घसा कोरडा करतो आणि ती कशी दिली जाते, घेणाऱ्याला कुठे आणि कितीजणांसमोर उभं केलं जातं, हे कारकुनीचं काम समजून सोडून देतो.

ही लाज काही वेळा मुद्दाम पेरलेली असते. गरिबांच्या मदतीविषयीच्या इंग्लंडच्या 1834 च्या कायद्याचं सूत्रच असं होतं की मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत हलक्या मजुरापेक्षाही वाईट राहिली पाहिजे, नाहीतर कोण कशाला राबेल? म्हणून मदत हवी तर 'वर्कहाउस' नावाच्या कोंडवाड्यात यायचं, तिथे नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, मुलं तिसरीकडे. या कायद्यामागे जी चिडचिड होती ती 1795 पासूनची. बर्कशायरमधल्या न्यायाधीशांनी स्पीनहॅमलंड नावाच्या गावात बसून ठरवलं होतं की मजुरी पावाच्या भावाला पुरी पडत नसेल, तर उरलेली भर गरिबांसाठीच्या करातून घालायची, घरात खाणारी तोंडं किती ते मोजून. पुढे ओरड झाली की यामुळे मजूर आळशी झाले आणि मालकांनी मजुरी कापली. सव्वाशे वर्षं ही गोष्ट पाठ्यपुस्तकासारखी सांगितली गेली. 1963 मध्ये मार्क ब्लॉग या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि दाखवलं की कारण आणि परिणाम उलटे धरले गेले होते. मजुरी कमी आणि काम अपुरं होतं म्हणून भर घालावी लागत होती. पण तोवर त्या कोंडवाड्यांतून कितीतरी पिढ्या जाऊन आल्या होत्या.

'ऐतखाऊ' या शब्दाला आजही तेवढीच धार आहे. मदत दिली की माणूस हातपाय गाळून बसतो, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, हे आपण इतक्या खात्रीने म्हणतो की कुणी मोजून पाहिलं असेल अशी शंकाही येत नाही. मोजलेलं आहे. होंडुरास, इंडोनेशिया, मोरोक्को, मेक्सिको, निकाराग्वा आणि फिलिपिन्स या सहा देशांतल्या, सरकारांनी चालवलेल्या सात रोख मदत योजनांची आकडेवारी अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकत्र करून तपासली. मदत मिळालेल्यांनी काम कमी केल्याचा काही पद्धतशीर पुरावा त्यांना सापडला नाही. गरिबांच्या हातात पैसे दिले की ते दारू-तंबाखूत जातात, हीसुद्धा अनेक देशांत तपासून न टिकलेली समजूत. मला हे वाचून आनंद झाला, आणि लगेच वाईटही वाटलं. माझी आई काही ऐतखाऊ नव्हती, हे कळायला मला सहा देशांची आकडेवारी लागावी?

तरीही भाच्याची बाजू मला मोडून काढायची नाही. ती मला आतून माहीत आहे.

आईबरोबर तुरपाई आणि काज-बटणाचं काम करणाऱ्या एक काकू होत्या. हात असा की टाका शोधावा लागे. एकदा मोठं काम आलं, शाळेच्या गणवेशांचं. आईने अर्धं त्यांना देऊ केलं. त्यांनी बोटांवर हिशोब केला, पुन्हा केला आणि नाही म्हणाल्या. ते काम घेतलं असतं तर वर्षाचं उत्पन्न दाखल्यावरच्या मर्यादेच्या थोडंसं वर गेलं असतं आणि नवऱ्याच्या औषधांची सवलत आणि दोन मुलांची नादारी दोन्ही गेली असती. वर गेलेलं उत्पन्न पुढच्या वर्षी पुन्हा खाली आलं असतं, पण दाखला पुन्हा मिळवायला किती खेटे घालावे लागतील ते त्यांना ठाऊक होतं. त्या आळशी होत्या का? त्यांचा हिशोब चुकला होता का? तरीही एक खरं की ते काम गेलं, त्यानंतरचंही गेलं, आणि काकूंचा हात हळूहळू तुरपाईपुरताच राहिला. मदतीच्या कडेला अशी एक भिंत बांधलेली असते. अलीकडे तिचा उतार करायचा प्रयत्न झाला आहे. ब्रिटनमध्ये 2021 पासून मदत घेणाऱ्याने मर्यादेपुढे कमावलेल्या दर पौंडामागे 55 पेन्स मदतीतून कापले जातात. भिंतीपेक्षा बरं. पण कुठल्या श्रीमंताला त्याच्या जादा कमाईतले 55 टक्के सोडायला सांगून पाहा, 'कष्टाची प्रेरणा' हा शब्द मग कोणाच्या तोंडून येतो ते दिसेल.

आणि दुसरी गोष्ट सांगायची म्हणजे मी आठवीत गेले त्या वर्षीची. आईकडे ब्लाऊजची गिऱ्हाइकं वाढली होती. जूनमध्ये तिने नादारीचा अर्ज आणलाच नाही. फी भरली आणि पावती माझ्या हातात दिली, जांभळ्या शिक्क्याची, शाई अजून ओली. मी ती दप्तरात न ठेवता गणिताच्या पुस्तकात ठेवली, मधोमध, चुरगळू नये म्हणून. मग एके दिवशी वर्गात कागदाचा तो आवाज आला. "नादार मुलांनी उभं राहा." माझे गुडघे सवयीने हलले. मी बाक घट्ट धरून बसून राहिले. सगळी डोकी होती त्या उंचीवर माझंही डोकं. मला त्या दिवसासारखा आनंद पुढे पहिल्या पगाराचाही झाला नाही. म्हणून कुणी स्वावलंबनाला पोकळ शब्द म्हटलं की मला राग येतो. स्वावलंबन मी चाखलेलं आहे. माझ्यासाठी त्याचा अर्थ उभं न राहणं एवढाच होता.

पण त्याच क्षणी मी आणखी एक गोष्ट केली. उभ्या राहिलेल्या मुलीकडे मान वळवून पाहिलं.

तिचं नाव इथे लिहीत नाही. चौघांपैकी एक होती. तिने मला पाहताना पाहिलं आणि मग समोर कुठेतरी नजर लावली, बहुधा कुणाच्या तरी रिबिनीवर. मदतीतून बाहेर पडायला मला तीन वर्षं लागली होती आणि बाहेर उभं राहून आत बघायला एक क्षण पुरला. मोठेपणी माणसं 'आम्ही नाही का वर आलो' म्हणतात, तेव्हा ती वाईट नसतात. ती आपल्या बाकाला घट्ट धरून बसलेली असतात.

ती मुलगी नववीला दिसली नाही. का, ते कधी कळलं नाही. आईने फी भरली ती गिऱ्हाइकं वाढली म्हणून. गिऱ्हाइकं वाढली ती मशीन होतं म्हणून आणि मशीन होतं कारण कुठल्यातरी कचेरीत कुणीतरी आमचा अर्ज वर सरकवला होता. तिच्या आईकडे कष्ट करायला हात होते, मशीन नव्हतं. एवढाच फरक असेल असं मी म्हणत नाही, पण एवढा तर होताच. बांगलादेशात ब्रॅक ही संस्था 2002 पासून अगदी तळाच्या कुटुंबांना गाय-शेळीसारखं कमाईचं साधन, ते सांभाळायचं शिक्षण आणि सुरुवातीच्या काळात जगण्यापुरता भत्ता असं एकत्र देत आली आहे. संशोधकांनी अशा हजारो कुटुंबांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. त्यात एक गोष्ट दिसली: साधन मिळाल्यावर ज्यांची एकूण पुंजी एका विशिष्ट उंबरठ्याच्या वर गेली, ती पुढे आपली आपण चढत गेली; ज्यांची त्या उंबरठ्याच्या खालीच राहिली, ती हळूहळू पुन्हा होती तिथे घसरली. कष्टाची तयारी दोन्हीकडे होती. पोहता येणाऱ्या माणसालाही आधी पाण्याबाहेर नाक लागतं. याच धर्तीचा प्रयोग इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू इथल्या दहा हजारांहून जास्त कुटुंबांवर झाला, 2015 मध्ये त्याचे निष्कर्ष आले, मदत थांबल्यानंतर वर्षभरानेही बहुतेक ठिकाणी घरं सावरलेली होती. पश्चिम बंगालमधल्या कुटुंबांकडे दहा वर्षांनी जाऊन पाहिलं, तर तिथेही फरक टिकून होता.

हे वाचताना मी वादाच्या दोन बाजू शोधत होते आणि त्या सापडत नव्हत्या. गाय फुकट दिली, म्हणजे मदत. पहाटे उठून तिचं शेण काढलं, म्हणजे स्वावलंबन. दिवस एकच, गोठाही एकच. नुसतं कर्ज दिलं की गरीब आपोआप उद्योजक होतील अशी एक मोठी आशा मधल्या काळात होती. त्या आशेला 2006 चं शांततेचं नोबेलही मिळालं. नंतर बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथे नीट मोजलं तेव्हा दिसलं की काहींना थोडा फायदा झाला, आयुष्य पालटलं असं मात्र सरासरीने झालं नाही. उंबरठ्याच्या खाली असलेल्याला कर्ज दिलं तर त्याच्या डोक्यावर हप्ता येतो.

माझ्या घरकर्जाच्या व्याजावर मला करसवलत मिळते. दर वर्षी मी एक रकाना भरते आणि सरकार माझ्याकडून घ्यायचे पैसे घेत नाही. त्यासाठी मला कुणी उभं केलेलं नाही. मोठ्या माणसांना तर याहून मोठा आधार आहे. 1855 मध्ये इंग्लंडने मर्यादित जबाबदारीचा कायदा केला: कंपनी बुडाली तर भागधारकाचे गुंतवलेले पैसे तेवढे जातील, घरदार जाणार नाही. आज जगभर धंदा याच तत्त्वावर चालतो. पडलात तर इतकंच पडाल, असं कायद्याने सांगितलं म्हणून माणसं उडी मारायला धजली, हे अर्थशास्त्राची सगळी पुस्तकं कौतुकाने सांगतात, आणि ते बरोबरच आहे. मग पडलात तर इतकंच पडाल, हे गणवेश शिवणाऱ्या बाईला सांगितलं की ती आळशी होईल, हे कुठून आलं? जगातल्या वरच्या दहा टक्के लोकांकडे एकूण संपत्तीतली 76 टक्के आणि खालच्या निम्म्या जगाकडे 2 टक्के, असं 2022 चा जागतिक विषमता अहवाल सांगतो. दोन टक्क्यांत राहणाऱ्या माणसाला स्वावलंबनाचा उपदेश करण्याआधी निदान त्याच्या पायाखाली काय आहे ते वाकून बघायला हवं. श्रीमंत देशांच्या संघटनेने 2018 मध्ये काढलेला हिशोब असा की त्या देशांतसुद्धा तळाच्या घरातल्या मुलाला सरासरी उत्पन्नाला पोचायला साधारण साडेचार पिढ्या लागतात, डेन्मार्कमध्ये दोन. दोन आणि साडेचार यांच्यामधल्या त्या अडीच पिढ्या डेन्मार्कच्या मुलांनी जास्त कष्ट करून वाचवल्या, असं मला कुणी पटवून देऊ शकेल असं वाटत नाही.

अमेरिकेतल्या अलास्का राज्याबद्दल वाचलं तेव्हा मात्र मला हेवा वाटला. तिथे 1982 पासून तेलाच्या उत्पन्नातला वाटा दर वर्षी प्रत्येक रहिवाशाला मिळतो, गरीब-श्रीमंत, लहान-मोठा न बघता. त्यामुळे लोकांनी एकूण नोकऱ्या सोडल्याचं दिसलं नाही. अर्धवेळ काम करणारे थोडे वाढले. मला हेवा पैशांचा वाटला नाही. त्या वर्गात सगळेच उभे राहतात, म्हणून हेवा वाटला. सगळ्यांना सगळंच द्यावं असं माझं म्हणणं नाही. तिजोरी कुठलीही अक्षय नसते आणि ज्याला जास्त हवं त्याला जास्त मिळावं हे मला पटतं. त्यासाठी यादी करावी लागणार, हेही. यादी असू दे. ती मोठ्याने वाचायची गरज नसते.

तीन आठवड्यांनी मी भाच्याला फोन केला. स्पर्धा दोन दिवसांवर होती. सगळं सांगितलं, नादारी, शिष्यवृत्ती, मशीन. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मग ते वाक्य काढू का?" मी म्हटलं, "तुझं तू ठरव. आजी जागत होती ते खरंच आहे." तो म्हणाला, "पण 'म्हणूनच' खोटं आहे ना." एवढं भाषण ऐकून मला जो शब्द टोचला होता, तो त्याने एका क्षणात पकडला. "मी आजीकडे येतो," म्हणाला, "मला मशीन बघायचंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या मशीनपाशी होतो. आता आई फारसं शिवत नाही, वरचं आवरण काढताना तेलाचा जुना वास आला आणि मला उगाच झोप आल्यासारखं झालं. भाच्याने फळीवरून हात फिरवला, उजव्या कोपऱ्यात थांबला, करंगळी भोकात घातली. त्याच्या करंगळीला ती लहान होती. "आजी, इथे पाटी होती ना?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. वर्गात उभं करायचे, हेही मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मला वाटायचं बाई गुपचूप लिहून घेत असतील. तू बोलली का नाहीस?" मग जरा वेळाने, "तू बोलली असतीस तरी मी काय केलं असतं म्हणा."

"पाटी फेकून दिलीस?" भाच्याने विचारलं.

"फेकायची कशाला? पत्रा चांगला होता." तिने खाली वाकून खण ओढला. बॉबिनी, बटणं, खडूचे तुकडे बाजूला सारले आणि ती पट्टी काढून त्याच्या हातात दिली. "खडूने सरळ रेघ मारायला याच्यासारखं दुसरं काही नाही. लाकडी पट्टीची कड झिजते."

मी त्या पट्टीकडे बघत राहिले. तिची दोन्ही टोकं भोकाची होती. वर्षानुवर्षं माझ्या वह्यांचे समास मी तिनेच आखले होते, नेहमी पालथी धरून, कारण ती बाजू गुळगुळीत होती. भाच्याने ती उलटली. खडूच्या निळ्या-गुलाबी भुकटीत अक्षरं बुजली होती, चार-पाच तेवढी वाचता येत होती. त्याने बोटाने पुसायला सुरुवात केली.

"हे भाषणात सांगितलं तर चालेल?" त्याने विचारलं.

"सांग की," आई म्हणाली. "पण बाजू तुझी चुकेल, मार्क जातील." आणि सुई त्याच्यापुढे धरून म्हणाली, "आधी एवढा दोरा ओवून दे. मला दिसत नाही आता."